मागच्या सीटवरचे उस्ताद

सिताराम वाव्हळे यांना ताडकळसमध्ये सगळे उस्ताद म्हणतात. वय चोपन्न. खताच्या दुकानाला लागून त्यांचं गॅरेज आहे. पुढे पत्र्याचं शेड, मागे दोन खोल्यांचं घर. बोर्ड नाही. लागत नाही.

मी मराठीत एम. ए. केलं आहे. नेट पास झालो आहे. नोकरी नाही. वडिलांच्या किराणा दुकानात बसतो. उस्तादांची आणि माझी मैत्री इंग्रजीमुळे झाली, याचं माझ्या वडिलांना अजून आश्चर्य वाटतं.

उस्ताद कारबुरेटरचे माणूस. परभणीत एका खानसाहेबांच्या हाताखाली ते शिकले. पुढची तीस वर्षं त्यांनी कानानं गाड्या जुळवल्या. स्क्रू पाव वळसा फिरवायचा, आवाज ऐकायचा, पुन्हा थोडा मागे. मग दोन हजार वीस साली नव्या गाड्या आल्या आणि कारबुरेटर गेला. पेट्रोल किती सोडायचं हे गाडीतला छोटा कॉम्प्युटर ठरवू लागला. फिरवायला स्क्रूच राहिला नाही. नव्या गाडीचे लोक परभणीच्या शोरूमला जाऊ लागले.

उस्तादांनी दोन वर्षं हे पाहिलं. मग पुण्यातल्या पुतण्याकडून एक जुना लॅपटॉप आणि एक केबल मागवली. केबल गाडीला लावली की तिच्या कॉम्प्युटरमधला तक्ता पडद्यावर येतो. नुसतं चौकटींचं जाळं. आडवा इंजिनाचा वेग, उभी रेस. प्रत्येक चौकटीत एक आकडा. एवढ्या वेगाला, एवढ्या रेसला, एवढं पेट्रोल. या तक्त्याला मॅप म्हणतात. आकडे बदलून तो परत गाडीत भरता येतो.

उस्तादांना आकडे कळत होते. इंग्रजी शब्द कळत नव्हते. एका संध्याकाळी साबण घ्यायला दुकानात आले आणि म्हणाले, "शिवकांत, तू लय शिकलास म्हणं. एक कागद वाचून दाखवतो का?"

कागद एकशे चाळीस पानांचा होता. केबलबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक.

तीन महिने मी रोज गॅरेजवर जात होतो. मी वाचायचो, अर्थ सांगायचो. उस्ताद दोनशे पानी वहीत आपले शब्द लिहायचे. रेस पूर्ण सोडली की गाडी आपोआप पेट्रोल बंद करते. यासाठी पुस्तकात चार शब्दांचं नाव होतं. उस्तादांनी लिहिलं, 'श्वास धरणे'.

पहिल्या पहिल्या गाड्या दोन दिवस ऐकायच्या आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यासारख्या व्हायच्या. सायलेन्सरजवळचा सेन्सर सगळं पुन्हा जुन्यावर आणतो, हे कळायला आठ आठवडे लागले.

"सासूवानी हाय हे," उस्ताद म्हणाले. "सुनेनं मीठ टाकलं की पुन्हा चाखून बघती."

त्यांची बायको सुलाबाई शेजारी तांदूळ निवडत होती. "तुमच्या मायनं कंदी चाखलं न्हाई," ती म्हणाली. "ताटच बाजूला सारायची."

सेन्सरचा इलाजही उस्तादांनी शोधला. पण त्यांची खरी रीत वेगळीच होती. दुसरे मिस्त्री गाडी स्वतः चालवून बघतात. उस्ताद मागे बसायचे. मालकानं चालवायचं. मांडीवर लॅपटॉप, सीटखालून आलेली केबल, गावातून फाट्यापर्यंत आणि परत.

"माझ्या हातात समद्याच गाड्या नीट चालत्यात," ते म्हणायचे. "मालकाच्या हातात काय करती ते बघायचं. मागं बसल्याशिवाय गाडी कळत न्हाई."

वहीत प्रत्येक गाडीचं एक पान होतं. मालकाचं वजन. रस्ता कसला. गाडीवर काय असतं. 'दुधाचे दोन कॅन.' 'बायको, दोन लेकरं.' 'हात घाईचा.' मला ती पानं वाचायला आवडायची. दोन ओळींत माणूस उभा राहायचा. दोन वर्षांत अशी शंभराच्या वर पानं झाली. पूर्णेहून, पालमहून लोक येऊ लागले. बहुतेकांना एकच गोष्ट हवी असायची. ॲव्हरेज.

महारुद्रलाही तेच हवं होतं.

महारुद्र आमच्या भावकीतला. पिठाची गिरणी चालवतो. त्याची आई उमादेवी, वय सदुसष्ट. सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं. दर सोमवारी महारुद्र त्यांना मोटरसायकलवर पोखर्णीला न्यायचा. तिथे आक्कांची थोरली बहीण दिलेली आहे, बायनाबाई. तीन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आक्का जायच्या, बहिणीला भिंतीला टेकवून बसवायच्या, केस सोडायच्या, तेल लावायच्या, विंचरायच्या. तोंडानं गावातलं सगळं सांगायच्या. दोन तास. मग वेणी घालून परत. दुसऱ्या कोणी केसांना हात लावला की बायनाबाई मान फिरवतात.

एसटीनं जायचं तर मधे फाट्यावर उतरून दुसऱ्या गाडीची वाट बघावी लागते. म्हणून मोटरसायकल.

उस्तादांनी महारुद्रची गाडी जुळवली. आधी बासष्ट जायची, मग अडुसष्ट जाऊ लागली. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला महारुद्र हा आकडा सांगायचा.

दोन महिन्यांनी आक्का पडल्या. पोखर्णीच्या अलीकडे, एका शाळेपुढच्या स्पीडब्रेकरवर. गाडीला वेग नव्हताच. डाव्या हाताचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते काढलं त्या दिवशी आक्कांनी घरात सांगितलं, "मी आता गाडीवर बसत न्हाई. धरवत न्हाई मला."

वय झालं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. त्या एकदा एसटीनं जाऊन आल्या. सुजलेले पाय घेऊन दोन दिवस पडून राहिल्या. त्यानंतर गेल्या नाहीत.

मग पोखर्णीहून निरोप आला. बायनाबाईंच्या केसांचा गुंता झाला आहे. कोणाला हात लावू देत नाहीत. पुढच्या आठवड्यात कापून टाकू.

आक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत, असं महारुद्रनं सांगितलं. तो गाडी घेऊन गॅरेजवर आला होता. बायकांना पाय ठेवायची जी पायरी असते ती पडण्यात वाकली होती. इतके दिवस तशीच होती. आता गाडी विकायची म्हणून सरळ करायची होती.

उस्ताद हातोडी घेऊन खाली बसले. "पडल्या कशा?" त्यांनी विचारलं.

"ब्रेकरला रेस सोडली, उतरल्यावर पुन्हा दिली. गाडीनं झटका मारला. माझीच घाई, उस्ताद."

उस्तादांची हातोडी थांबली. ते उठले, हात पुसले, केबल लावली. बराच वेळ तक्ता बघत राहिले. मग वही काढून महारुद्रचं पान उघडलं.

"मी मागं बसून बघितलं होतं," ते मला म्हणाले. "आपल्या बाजाराच्या ब्रेकरवर. चारदा. झटका न्हवता."

"मग?"

"मग काय. चल आक्काकडं."

आक्कांचं घर गिरणीच्या मागे आहे. उस्ताद त्या घरात कधी आत गेले नव्हते. त्या संध्याकाळीही ओट्यावरच टेकले. आक्का बाहेर आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. महारुद्र दाराला टेकून उभा राहिला.

"आक्का, तुमी ब्रेकरच्या आधी पडल्या का नंतर?"

हे आक्कांना अजून कोणी विचारलं नव्हतं.

"नंतर. ब्रेकर उतरला. ह्यानं रेस दिली. गाडी आधी मागं वढल्यासारखी झाली, मंग एकदम पुढं. गाडी गेली, मी राह्यले."

"मी मागं बसलो तवा मला तसलं काई जाणवलं न्हवतं," उस्ताद म्हणाले.

"तुमी कसं बसला होता?"

"कसं म्हंजी?"

"पाय कुठं होते तुमचे?"

उस्तादांनी आपल्या पायांकडे पाहिलं. महारुद्रची बायको अनुपमा चहा घेऊन आली होती. तिनं हसू लपवायला तोंड फिरवलं.

"दोन्हीकडं," उस्ताद म्हणाले.

"मग तुमाला काय जाणवणार? घोड्यावर बसल्यावानी बसता. गुडघ्यात सीट धरता. आमी पाय एका बाजूला सोडून बसणार. आमाला धरायला काय हाय? एक हात ह्याच्या खांद्यावर, दुसऱ्यात पिशवी."

चहा गार होत होता. मला वहीतली पानं आठवली. 'बायको, दोन लेकरं.' बायको कशी बसते, हे एकाही पानावर नव्हतं. मी ती सगळी वाचली होती. मलाही ते दिसलं नव्हतं.

"आक्का," उस्ताद म्हणाले, "तुमचं वय न्हाई चुकलं. महारुद्रनं ॲव्हरेज मागितलं. मी बारीक रेसला पेट्रोल आवळलं. रेस सोडली की गाडी लवकर श्वास धरंल असं केलं. ज्या रेसला आवळलं त्याच रेसला तुमी पडल्या. माझ्यामुळं पडल्या."

महारुद्र पुढे आला. "उस्ताद, काय बोलायलाव? माझाच हात घाईचा हाय."

"तुझा हात घाईचा हाय हे माझ्या वहीत लिवलंय. ते धरूनच जुळवायला पाहिजे होतं."

कोणी त्यांना विचारलं नव्हतं. कोणाला संशयही नव्हता. उद्या सकाळी गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला हे कळणार होतं आणि उस्तादांना ते माहीत होतं. त्यांनी चहाची कपबशी उचलली. गार चहा एका घोटात संपवला.

आक्का डाव्या मनगटाकडे बघत होत्या. त्यांनी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"म्हंजी हात गेला न्हाई माझा."

"न्हाई, आक्का."

"प्लास्टर काढल्यापासून मी म्हणायलेय, म्हातारी झाले." त्या अनुपमाकडे वळल्या. "आन तुमी समदे हो हो म्हणायलाव."

अनुपमानं मान खाली घातली.

"गाडी नीट करा," आक्का उस्तादांना म्हणाल्या. "पण आधी तुमी बसा. मी बसते तसं. मंग मी बघीन."

सोमवारला तीन दिवस होते. दुसऱ्या दिवशी गावात बाजार होता. मी म्हटलं, परवा करू, रस्ता मोकळा असेल. उस्ताद म्हणाले, परवा केलं तर दुसरा मॅप भरायला वेळ कुठून आणायचा.

म्हणून दुसऱ्या दिवशी भर बाजारात, सकाळी अकरा वाजता, सिताराम उस्ताद महारुद्रच्या गाडीवर दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसले. मांडीवर लॅपटॉप. तो एका हातानं धरावा लागत होता, लेकरू धरावं तसा. उरलेला हात महारुद्रच्या खांद्यावर. मी माझ्या गाडीवर मागून निघालो.

भाजीच्या रांगेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. मग आलं.

"उस्ताद, माहेरी निघाले का?"

"महारुद्र, हळू ने. नवी हाय ती."

"पदर घ्या की डोक्यावर, ऊन लागंल," एक कांदेवाली म्हणाली.

"आधी बसायला शिकतो," उस्ताद म्हणाले. "पदराचं मंग बघू."

ब्रेकर आला. महारुद्रनं रेस सोडली, गाडी उतरली, रेस दिली. उस्तादांचा पाय पायरीवरून सुटला. ते मागे गेले, महारुद्रचा शर्ट त्यांच्या मुठीत आला आणि गुंड्या तुटल्या. लॅपटॉप कांद्याच्या ढिगावर पडला. उस्ताद कसेबसे उभे राहिले.

सगळा बाजार हसला. मी लॅपटॉप उचलला. एक कोपरा फुटला होता. चालू होता.

उस्ताद गाडीच्या सीटवर हात ठेवून उभे होते. "शिवकांत," ते म्हणाले, "दोन्हीकडं पाय टाकून बसलो होतो तवा हीच गाडी लोण्यावानी होती. हीच."

कामाला तिथेच सुरुवात झाली. एका हातगाड्याच्या सावलीत ते खाली बसले. बारीक रेसच्या चौकटींमध्ये आवळलेलं पेट्रोल सोडलं. गाडी श्वास धरते तो क्षण पुढे ढकलला. मॅप भरला, पुन्हा बसले, पुन्हा ब्रेकर. पुन्हा खाली.

तिसऱ्या फेरीला हसणं कमी झालं. चौथ्या फेरीला कांदेवाली उठून आली. "तसं न्हाई," ती म्हणाली. "टाच पायरीवर दाबा. मांडी सीटवर रुतवा. आन माणसाचा खांदा धरू नका, त्यो हालतो. मागची दांडी धरा."

"दांडी धरली तर लॅपटॉप कशानं धरू?"

"लेकरू असल्यावर आमी कशानं धरतो?"

पाचव्या फेरीला आणखी दोघी जणी उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या, पायांकडे बघत होत्या. सातव्या फेरीला उस्तादांनी दोन्ही हात लॅपटॉपवर ठेवले. महारुद्रनं मुद्दाम घाई केली. ब्रेकर गेला. उस्ताद हलले नाहीत.

"अडुसष्ट विसर," उतरल्यावर ते महारुद्रला म्हणाले. "चौसष्टच्या पुढं जायची न्हाई."

"आई बसली तर साठ बी चालंल," महारुद्र म्हणाला. त्याचा शर्ट अजून उघडाच होता.

संध्याकाळी उस्ताद पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. बसताना त्यांनी कमरेवर हात ठेवला.

"काय झालं?" आक्कांनी विचारलं.

"कंबर लय दुखायलीय."

"आमची चाळीस वरसं दुखायलीय," आक्का म्हणाल्या.

सोमवारी सकाळी त्या गॅरेजपुढूनच गाडीवर बसल्या. त्यांनी तसं मुद्दाम केलं असावं. कपाळाला भस्म होतं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. हातात पिशवी, पिशवीत तेलाची बाटली आणि फणी. बसल्यावर त्यांनी टाच पायरीवर दाबून पाहिली. मग डावा हात मागच्या दांडीवर ठेवला. महारुद्रनं आरशात पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतो? रस्त्याकडं बघ."

ते गेले. उस्ताद रस्त्यावर उभे राहिले, गाडी वळणाआड जाईपर्यंत. मग शेडमध्ये आले, वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"ज्या पानावर बायको हाय, माय हाय, भैन हाय, ती समदी काढ. फोन लाव."

एकेचाळीस पानं निघाली. मी दिवसभर फोन लावत होतो. उस्ताद शेजारी बसून प्रत्येकाला तेच सांगत होते. गाडी घेऊन या, माझी चूक झाली, फुकट करून देतो. पंधरा-वीस जण येतो म्हणाले. काहींनी फोन उचलला नाही. चौघांनी विचारलं, ॲव्हरेज कमी होईल का? उस्ताद हो म्हणाले. मग राहू द्या, ते म्हणाले.

पालमचा एक जण म्हणाला, "उस्ताद, बायकोला सांगतो घट्ट धरायला."

"ती धरूनच बसलीय," उस्ताद म्हणाले. तोवर त्यानं फोन ठेवला होता.

दुपारी सुलाबाईनं भाकरी आणून ठेवली. उस्तादांनी ती झाकून ठेवली. दर थोड्या वेळानं ते माझ्या फोनकडे बघायचे. मी महारुद्रला लावू का विचारलं. "त्यो गाडी चालवायला असंल," ते म्हणाले. "नको."

मला वाटत होतं, आता खरं तर घाबरण्यासारखं काही राहिलं नाही. सात फेऱ्या झाल्या होत्या. पण बाजाराच्या ब्रेकरवर आधीही चारदा झटका नव्हता.

पाचच्या सुमाराला गाडी आली. आक्का उतरल्या. उतरताना त्यांनी कोणाचा हात धरला नाही. लुगड्यावर धूळ होती, केस विस्कटले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत तेलकट दिसत होते.

उस्ताद उठून उभे राहिले. मी विचारलं.

"आक्का, केस?"

"कात्री काढून ठेवली होती सुनेनं," आक्का म्हणाल्या. "मी म्हणलं, ठेव तिकडं. असला गुंता कंदी बघितला न्हवता. चार घंटे बसले. बायना रडायली, मी रडायले. शेवटी सुटला." त्यांनी पिशवीतून बाटली काढली. ती रिकामी होती. "आख्खी लागली. पुढच्या सोमवारी मोठी न्यावी लागंल."

सुलाबाई दारात उभी होती. ती पुढे आली, आक्कांच्या हातातून बाटली घेतली आणि भरायला आत गेली.